शीग लावलेला चमचा

अनसूया काळमेघला भ्यायला फार काही लागायचं नाही. मागून सायकलची घंटी वाजली तरी ती 'अगं माय' म्हणत भिंतीला चिकटायची. पोस्टमन गल्लीत शिरला की त्याच्या थैलीत आपल्याच घरची वाईट बातमी आहे असं तिला वाटायचं. नवरा नीलकंठ फॅक्टरीतून दहा मिनिटं उशिरा आला, तर तेवढ्यात ती मनातल्या मनात त्याच्या तेराव्यापर्यंत पोचलेली असायची. वर्धेकडच्या खेड्यातून लग्न होऊन ती जबलपुरात, गोहलपुरातल्या दोन खोल्यांत आली, त्याला चौदा वर्षं झाली होती. तीन पोरं झाली, हिंदी आली, भीती काही गेली नाही.

त्यात पासष्टच्या सप्टेंबरात लढाई लागली. तोफांचे गाडे बनवणारं गाव, दुश्मनाला आणखी काय पाहिजे, असं जो तो पानाच्या ठेल्यावर सांगायचा, जणू दुश्मन त्यालाच विचारून विमान काढणार होता. खिडक्यांच्या काचांवर खाकी कागद चिकटले. भरदुपारी सायरनची तालीम व्हायची आणि अनसूया दर खेपेला खरीच समजून पलंगाखाली शिरायची.

अशा बाईला नीलकंठनं एका संध्याकाळी सांगितलं, "उद्यापासून तुला हॉटेलात जायचं आहे."

"मले? कोणत्या हॉटेलात? काहून?"

फॅक्टरीत नवी यंत्रं बसवायला आलेला जर्मन साहेब बायको-पोरासकट सिव्हिल लाइन्समधल्या हॉटेलात राहत होता. मेमसाबला मलेरियानं आडवं केलं होतं. पोर साडेतीन महिन्यांचं, बाटलीवर वाढणारं. बाटल्या करायला, पोराला सांभाळायला साहेबाला एक स्वच्छ, घरंदाज बाई हवी होती.

"मी हो म्हणून आलो," नीलकंठ म्हणाला.

"माझ्या वतीनं हो म्हणून आले? आणि त्या पोराले काही झालं तर?"

"काही होत नाही बाप्पा. तू तीन पोरं वाढवली न."

शेजारच्या शकुनं हे ऐकलं आणि ती लगेच ओट्यावर येऊन बसली. शकु कुठलीही बातमी नाकातूनच सांगायची. "वहिनी, तो जर्मन हेर असंल तर? आणि त्याच्या पोराले इकडंतिकडं झालं, तर तुमाले पोलीस नेतीन. लढाई चालू आहे, आता विचारत नाहीत, सरळ नेतात." एवढं सांगून तिनं चहा मागितला.

पहिल्या दिवशी मेमसाब उशीला टेकून बसली आणि तिनं सगळं करून दाखवलं. तिची हिंदी म्हणजे फळीवर एकेक भांडं मांडावं तशी होती. "अन-सु-या. पानी. बहोत बहोत गरम. दस मिनिट." बाथरूमशेजारच्या टेबलावर स्पिरिटचा स्टोव्ह, त्यावर पातेलं, त्यात काचेच्या सहा बाटल्या आणि त्यांची रबरी बोंडं नाचत होती. मग उकळून निववलेलं पाणी, आणि डब्यातली पावडर. तो डबा मेमसाबनं मायदेशातून आणला होता. आधीचे संपले, पुढचे लढाईमुळं मुंबईच्या बंदरातच अडकले होते. "चम्मच. छह." प्रत्येक चमच्यावरून ती सुरीची पाठ फिरवायची आणि वरची पावडर परत डब्यात पाडायची. "ऐसा. हमेशा ऐसा." आणि बाटलीत उरलेलं दूध? "फेको."

अनसूयानं मान हलवली. तिला पाणी उकळणं पटलं. बाटल्या उकळणंही पटलं. तिनं स्वतःच्या पोरांची बोंडली अशीच उकळली होती. पण ती सुरी काही तिला पटली नाही.

तिच्या माहेरी सालदार गड्याला धान्य मोजून देताना बाप पायलीला शीग लावायचा. वरून दाणे ओघळायला लागले की मगच माप ओतायचा. मोलकरणीला देतानाही, भिकाऱ्याला देतानाही. माप पुसून देणारा एक दुकानदार बडा फुहाऱ्याच्या बाजारात होता. सकाळी सकाळी त्याचं नाव कोणी घेत नसे. आणि इथं आईच आपल्या तान्ह्याच्या तोंडचं सुरीनं पुसून काढत होती. परक्या मुलखात डबा पुरवायचा असेल बिचारीला, अनसूयाच्या मनात आलं. पण लेकराच्या पोटाला काटकसर नको. आपल्या हातानं तर नकोच.

मेमसाब जागी असली की अनसूया सुरी फिरवायची. तिला मलेरियाच्या कोयनेलची गुंगी आली की सुरी बाजूला ठेवायची आणि डोंगर भरून सहा चमचे घालायची. मेमसाब दिवसाचे वीस तास गुंगीतच असायची. वरून एक चिमूट अनसूया आणखी सोडायची, नजर लागू नये म्हणून.

पोराचं नाव तिच्या जिभेवर बसेना. एवढा दूधपिता, सोनेरी केसांचा. तिनं त्याला मुरलीधर म्हणून टाकलं. मुरलीधर बाटली अशी ओढायचा की बोंड आत चपटं व्हायचं. तिला धन्य वाटायचं.

तिसऱ्या दिवशी त्याचं रडणं बदलल्याचं तिला जाणवलं. आधी तो मोकळ्या गळ्यानं रडायचा. आता उंच, चिरका, तुटत तुटत आवाज यायचा. बाटली दिली की झडप घालायचा, संपवायचा, पुन्हा रडायचा. भूक वाढली, ती म्हणाली, आणि बाटल्या वाढवल्या.

चौथ्या दिवशी सकाळी त्याचं अंग तापलं होतं. ओठ सुकलेले, रडताना डोळ्यांत टिपूस नाही, लंगोट बदलायची वेळच येईना. दोन घोट घेऊन त्यानं बाटली सोडली आणि मान टाकली. साहेब पहाटेच फॅक्टरीत गेला होता. मेमसाब उठून बसली आणि पोराला हात लावून काहीतरी आपल्या भाषेत बोलली. ते अनसूयाला कळलं नाही, पण आवाज कळला.

खोलीत चहापाणी आणून देणारा हॉटेलचा बैरा नथ्थू डॉक्टरला फोन करायला गेला आणि येताना चहाचा ट्रे घेऊन आला. नथ्थूची एक सवय होती: तो बोलायच्या आधी प्रत्येक वस्तू उचलून बघायचा. त्यानं डबा उचलला, हलवला, झाकण काढलं.

"अरे बाई, ये तो पेंदे से लग गया. मेमसाब तो बोली थी, हफ्ता-दस दिन चलेगा."

अनसूयानं पोराचा लंगोट उगाच चाचपला.

"बड़े फुहारे पे ऐसा माल हाथोंहाथ बिकता है," नथ्थू हलकेच म्हणाला. "पहले एक मेमसाब की आया का भी यही हुआ था. हम कुछ नहीं बोल रहे. हम तो बस देख रहे."

मेमसाबनं डब्यात पाहिलं. मग अनसूयाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ती नुसती मोजत होती, या बाईला आपण काय दिलं आणि तिनं काय केलं. शकुचा नाकातला आवाज अनसूयाच्या कानात वाजायला लागला: सरळ नेतात, वहिनी. नीलकंठचं काय? साहेबाच्या हाताखालचा फिटर, त्याची बायको चोर. आणि पोर गेलं तर नुसती चोर नाही.

दुसरं काही सुचेना तेव्हा तिनं पोरानं टाकलेली बाटली उचलली. मेमसाब फेको म्हणाली होती, पण दूध मोरीत ओतणं तिच्या हातून होत नसे. चारही दिवस बाटलीत उरलंसुरलं दूध ती बाथरूममध्ये तोंड फिरवून पिऊन टाकत होती. आता बाटली जवळजवळ भरलेली होती. तिनं ती सगळी प्यायली. दाट, जिभेला चिकटणारं. आणि प्याल्याबरोबर तिला रोजच्यासारखी तहान लागली. साधी तहान नाही. घशाला माती लागल्यासारखी. तिनं सुरईतून एक ग्लास पाणी घेतलं, मग दुसरा. ग्लास ठेवताना तिचा हात थांबला.

मला ग्लास आहे, तिच्या मनात आलं. त्याला काय आहे?

मग तिनं तो विचार घाईघाईनं झाकून टाकला, उकळत्या पातेल्यावर झाकण टाकावं तसा.

डॉक्टर अच्युत पराडकर आले ते घड्याळ बघतच. इस्पितळात जखमींसाठी खाटा मोकळ्या करणं चालू होतं आणि सायरनच्या तालमीआधी त्यांना परत पोचायचं होतं. त्यांचं बोलणं तारेसारखं, शब्दाला पैसे पडत असावेत तसं. "ताप कधीपासून. जुलाब. उलटी. बरं." त्यांनी पोराचं पोट दाबलं, पापणी ओढली, आणि मेमसाबशी इंग्रजीत बोलले. मेमसाबनं सहा बोटं दाखवली, हवेतच सुरी फिरवून दाखवली. डॉक्टरांनी मान डोलावली. मग ते अनसूयाकडे वळले.

"मराठी का तुम्ही? उत्तम. नीट ऐका. आईला मलेरिया आहे, पोरालाही तोच. औषध लिहून देतो, कडू आहे, चमच्यानं घालायचं. आणि दूध थांबवायचं नाही. अशक्तपणा आलाय. पाजत राहायचं, जमलं तर थोडं दाट करून."

"दाट?" अनसूया म्हणाली.

"दाट. ताकद यायला नको?"

त्यांनी कागद नथ्थूच्या हातात दिला आणि बॅग मिटली. अनसूयानं खाटेवर पाहिलं. मुरलीधर रडत नव्हता. तोंड उघडं, जीभ टाळूला चिकटलेली. तो नुसता ओठ हलवत होता, आवाज निघत नव्हता. डॉक्टर दारापर्यंत गेले. नथ्थूनं अदबीनं दार उघडून धरलं. आता हे गेले, की माझ्यावर काही येत नाही, तिला वाटलं. मलेरिया म्हणाले न. डॉक्टर म्हणाले. मी कुठं म्हणाली. आणि डब्याचं विचारलं तर सांडला म्हणता येईल.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की आधी नथ्थूलाच ऐकू गेला. त्यानं दार तसंच धरून ठेवलं, ऐकायला मिळणार म्हणून.

"बाई, मला वेळ नाही," डॉक्टर पाठमोरेच म्हणाले.

"दाट नका सांगू. दाटच पाजून राहिली मी. चार दिवस झाले."

डॉक्टर थांबले. "म्हणजे?"

"मेमसाब झोपली की मी चमचा पुसत नव्हती. शीग लावून घालत होती. सहाचे सहा. वरून आणखी." एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "डबा म्हणूनच संपला. विकला नाही, माझ्या पोरांची आण. लेकराले मोजून देणं बरं नाही वाटलं मले. पण उरलेलं मी पेते, फेकवत नाही, आणि ते पेलं की मले दोन ग्लास पाणी लागते. आणि त्याले पाणी मी एक थेंब दिलं नाही. मेमसाबनं दूधच सांगितलं होतं."

डॉक्टर परत खाटेपाशी आले. बॅग त्यांनी जमिनीवर ठेवली. या खेपेला त्यांनी पोराच्या डोक्यावरच्या टाळूवर बोट फिरवलं, तोंडात बोट घालून पाहिलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी लगेच बसली नाही.

"लंगोट शेवटचा कधी भिजला?"

"काल. दिवेलागणीच्या आधी."

"आणि हे तुम्ही मला मी दारात पोचल्यावर सांगताय."

"भ्याली होती."

"मग आता भीत नाही?"

"आताही भीतेच," अनसूया म्हणाली.

डॉक्टर मेमसाबशी बराच वेळ बोलले. ते काय सांगताहेत ते अनसूयाला शब्दाशब्दानं कळलं नाही, पण त्यांनी हाताचा पसा भरून डोंगर करून दाखवला, तेव्हा तिनं मान खाली घातली. मेमसाबच्या तोंडातून एक छोटासा आवाज निघाला आणि तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. नथ्थू भिंतीला टेकून उभा होता. आता त्याला ट्रे उचलायचीही आठवण राहिली नव्हती.

"कागद इकडे दे," डॉक्टर त्याला म्हणाले आणि त्यांनी तो फाडून टाकला. मग अनसूयाला: "मलेरिया नाही. दाट दुधानं अंगातलं पाणी आटलंय. दूध बंद. उकळून निवलेलं पाणी, चमच्यानं. एकदम नाही. एक चमचा, मग शंभर मोजायचे, मग दुसरा. घाई केलीत तर झटका येईल, तेही लक्षात ठेवा. संध्याकाळपर्यंत लघवी झाली तर पोर आपलं. नाही झाली तर टांग्यात घालून थेट इस्पितळात आणायचं, मला शोधत बसायचं नाही."

"मीच पाजू?"

डॉक्टरांनी मेमसाबला विचारलं. मेमसाबनं अनसूयाकडे पाहिलं. मग ती खाटेवर सरकली, तिच्यासाठी जागा केली, आणि चमचा तिच्याकडे न देता स्वतःच्याच हातात धरून ठेवला. अनसूयानं पोराला मांडीवर घ्यायचं, मेमसाबनं चमचा धरायचा, असं ते ठरलं.

डॉक्टर गेले. पहिला चमचा ओघळून गळ्यावर गेला. दुसऱ्याला मुरलीधरनं जीभ हलवली. अनसूया मराठीत मोजत होती, मेमसाब आपल्या भाषेत, ओठातल्या ओठात, आणि दोघींचे शंभर कधीच एका वेळी होत नसत. ज्या बाईचे आधी होत ती दुसरीसाठी थांबायची. मध्येच सायरन वाजला. नथ्थू जिन्याखाली पळाला. मेमसाबनं अनसूयाचं मनगट घट्ट धरलं, आणि अनसूया, जी चौदा वर्षं सायकलच्या घंटीलाही भीत आली होती, पोराला मांडीवर घेऊन जागची हलली नाही. हलली तर चमचा सांडला असता.

किती चमचे झाले ते नंतर दोघींनाही सांगता आलं नसतं. खिडकीच्या खाकी कागदावरचं ऊन खाली उतरलं होतं. अनसूयाच्या मांडीवर आधी कोमट, मग गरम काहीतरी पसरलं, लुगड्यातून खाली गादीपर्यंत. मेमसाबनं ते पाहिलं. तिनं चमचा ठेवला आणि रडायला लागली, लहान पोरासारखी, नाक ओढत.

अनसूया भिजली तशीच बसून राहिली. मुरलीधर अजून तापलेला होता, ओठ अजून सुकलेले होते, साहेब अजून यायचा होता, आणि साहेबाला हे कोण सांगणार ते ठरायचं होतं. तिनं एक हात सोडवून चमचा उचलला, निवलेल्या पाण्यात बुडवला आणि एकपासून पुन्हा मोजायला लागली.