विष्णुपुरीच्या पाण्यावरची डुलकी

आपली फजिती आपणच सांगितलेली बरी, नाहीतर दुसरे तिखटमीठ लावतात. चहा घ्या, सांगतो.

मी मनाच्या आजारांचा डॉक्टर, नांदेडचा. माझ्या जोडीला सलीमभाई. धंदा शिलाईचा, पूर्वी माझेच पेशंट. डॉक्टर आणि पेशंटनं मिळून लोकांना या आजारांची माहिती द्यायची, त्याचं प्रशिक्षण चालू होतं. अॅप्रन न्हाई, खुर्ची न्हाई, सगळे एकाच सतरंजीवर गोल.

त्या दिवशी लातूरहून एक मॅडम आम्हा दोघांची परीक्षा घ्यायला येणार होत्या. सलीमभाई पास झाले की मुखेडचा गट त्यांच्या हाती. "तिथं या आजाराचं कुणी बोलतच न्हाई ओ साहेब. मला बोलू द्या," एवढंच त्यांचं मागणं. आणि मी? सरावात दर वेळी त्यांचं वाक्य मीच पुरं करायचो. खोड, दुसरं काय!

दुपारी सलीमभाईंच्या घरचा दालचा-खाना, म्हणजे मटण घातलेली डाळ अन् भात, झाला. "अजून घ्या ना साहेब," म्हणत त्यांनी दोनदा वाढलं. मॅडम अजून पोचल्या नव्हत्या, पण लोक जमले होते. मग सुरुवात अर्थातच मी केली.

"डोळे मिटा. आपण विष्णुपुरीच्या धरणाकाठी बसलोय. पाणी हळूहळू हलून राहिलं... एक बगळा..."

अहाहा! पाणी पायाला लागलं. बगळा शेजारी येऊन बसला. लांबून सलीमभाई म्हणत होते, "मलाबी आवाज ऐकू यायचे. घाबरलो होतो लई..." किती गोड बोलत होते हो! मी त्यावर तरंगतच गेलो.

खांद्यावर हात पडला. "काका, सकाळची गोळी घेतली का?"

समोर लातूरच्या मॅडम!

"मी डॉक्टर हाय!"

"हो हो, आहात ना," मॅडम मायेनं म्हणाल्या. "आधी पाणी घ्या."

हा सूर मी ओळखला. इतकी वर्षं पेशंटशी मी याच सुरात बोलत आलोय! "अहो, खरंच डॉक्टर हाय!" मी जितका ओरडलो, तितक्या मॅडम मऊ झाल्या.

शेवटी सलीमभाईच बोलले. "हाव मॅडम, डॉक्टरच हायत. माझेच."

सलीमभाई पास झाले. मला वाटलं, माझं काही खरं न्हाई. पण माझ्या कागदावर शेरा होता: 'जोडीदाराला पूर्ण बोलू देतात. असेच चालू ठेवावे.'

तेव्हापासून मुखेडला गट असला की सलीमभाई डबा आणतात. मला तीनदा वाढतात.