तीन गुन्ह्यांत एकच नाव

त्या सकाळची आठवण आली की आजही मान खाली जाते.

गंगापूर रोडवरच्या ठाण्यात मी नुकताच बदलून आलो होतो. सोनसाखळी चोरीचे गुन्हे एकामागून एक दाखल होत होते. त्याच सुमारास ठाण्यात नवी सोय आली. संगणकाला साध्या मराठीत प्रश्न लिहायचा, तो सगळे गुन्हे चाळून उत्तर देतो. एरवी अशा माहितीसाठी तांत्रिक शाखेच्या मागे लागावं लागे. मी स्वतः लिहिलं, "पोलीस सोडून, सोनसाखळीच्या एकाहून जास्त गुन्ह्यांत कोणाचं नाव आहे?"

क्षणात उत्तर आलं. एक नाव, तीन गुन्हे. पत्ता ठाण्यासमोरच्या चौकातला, फुलांचं दुकान.

मी जीप घेऊन गेलो. पन्नाशीचा माणूस शेवंतीचा हार बांधत होता. गिऱ्हाईकांसमोर त्याचा दंड धरला. "चल, बस आत."

चौकशीत तो एकच सांगत राहिला, "साहेब, मी काय बी केलं नाय. तुमचीच माणसं बोलावतात, म्हणून येतो."

"चोराला आम्हीच बोलावतो," मी म्हणालो. खोलीतले शिपाई हसले. तेही माझ्यासारखेच नवे.

दुपारी जुन्या हवालदार बाई कोर्टातून परतल्या. त्याला पाहून म्हणाल्या, "काय भाऊ, आज कुठला पंचनामा?"

तिन्ही गुन्ह्यांत तो पंच होता.

पंचनाम्याला साक्षीदार म्हणून पंच लागतात. कोर्टाच्या फेऱ्या नकोत म्हणून लोक टाळतात. हा माणूस हाकेच्या अंतरावर, नाही न म्हणणारा. म्हणून ठाणं दर वेळी त्यालाच बोलावत होतं. संगणक खोटं बोलला नव्हता. नाव आरोपी म्हणून आहे की पंच म्हणून, हे मी विचारलं नाही. तिन्ही फायली माझ्या खुर्चीमागच्या कपाटात होत्या, त्याही उघडल्या नाहीत.

संध्याकाळी साध्या कपड्यांत, मोटारसायकलवरून दुकानात गेलो. माफी मागितली.

"साहेब, ज्यांनी सकाळी बघितलं ते आता इथं नायत," तो म्हणाला. "उद्या सकाळी या. जीप घेऊन, वर्दीत. आन् पंच म्हणून आता दुसरा बघा."

मी मान डोलावली. कामांची यादी ठेवायची माझी जुनी सवय. वहीत लिहिलं: फुलवाले, सकाळी, जीप.

दुसऱ्या दिवशी बंदोबस्त लागला. तिसऱ्या दिवशी बैठक. खरं सांगायचं तर धीर झाला नाही. पुढे खरे चोर सापडले, शाबासकीही मिळाली.

निवृत्त होताना सगळ्या वह्या तपासल्या. झालेल्या प्रत्येक कामावर रेघ होती. त्या ओळीवर नव्हती.