बचतीचा अंधार

माझे मामा नगरपालिकेत वायरमन. रस्त्यावरचे दिवे त्यांच्याकडे. माणूस एका जागी बसेल तर शपथ! जेवतानाही मध्येच उठून फ्यूज बघून यायचे.

मागे एकदा गल्लीत कुणीतरी मामीची पर्स हिसकावली. लागलं फारसं नाही, पण तिने धसकाच घेतला. पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या बहिणीकडे ती रोज संध्याकाळी जायची, ते बंद झालं. अंधार पडला की दार लावून बसायची. तिला तसं बघून मामा घरात येरझाऱ्या घालायचे.

अशात नगरपालिकेने ठराव केला: प्रत्येक खात्याने खर्चात केलेली बचत गुन्हे रोखायला द्यायची. मामांना चेव आला. कुणी सांगायच्या आत त्यांनी गावभर एकाआड एक दिवा बंद केला. त्या पैशांतून नगरपालिकेने आमच्या गल्लीच्या टोकाला पहारेकरी नेमला, आणि साहेबांनी मामांची पाठ थोपटली. चोर पकडायला अंधार करणारा हा पहिलाच माणूस! मला चीड आली होती, पण मामांपुढे बोलायची सोय नव्हती.

"आता बिनधास्त जा," ते मामीला म्हणाले.

मामी निघाली. मामा आणि मी दारात उभे. पहिल्या दिव्यापर्यंत ती झपझप गेली. पुढचा खांब मात्र काळाकुट्ट होता. तिथे ती थबकली आणि जवळजवळ धावतच परत आली.

"अहो, तो पहारेकरी तिकडे टोकाला उभा. मधल्या अंधारात मी काय करू?" तिला धाप लागली होती. मामांचा चेहरा पडला. मला त्यांची दया आली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामांनी शिडी काढली. आधी आमच्या गल्लीतले दिवे जोडले, मग सगळ्या गावातले. बचत आटली. साहेबांनी झाप झाप झापलं, पहारेकरीही गेला.

काही दिवसांनी संध्याकाळी मामी तयार होऊन दारात आली.

"पहारेकरी काढला ना?"

"काढला. पण उजेड आहे की आता सगळीकडे."

"आहे. तुम्ही पण चला."

"मी? अगं, मला जरा ते मीटरचं..."

"पर्स गेली त्या दिवशीही म्हटलं होतं, चला. तेव्हाही तुम्हाला मीटरचंच काम होतं."

मामा पायात चपला सरकवून तिच्याबरोबर निघाले, तिच्याच चालीने, अगदी हळू.