मोठ्या आईची नागीण

मोठ्या आईचा आवाज इतका खणखणीत, की ती प्रेमाने बोलली तरी शेजारच्यांना भांडण वाटे. वडिलांच्या या थोरल्या वहिनीला पंचवटीत सगळे 'नागीणवाल्या आजी' म्हणत. पहाटे ती फुलबाजारात शेवंती विकायची आणि रविवारी ओट्यावर बसून नागीण उतरवायची. कमरेवर, पाठीवर आग होणाऱ्या फोडांचा पट्टा उठलेली माणसं पार येवल्याहून एसटीने येत. नागिणीने वेढा पूर्ण केला की माणूस जातो, ही सगळ्यांची भीती. मोठी आई गेरू कालवून फोडांभोवती जाड रेघ ओढायची आणि दटावायची, "आता फुडं सरकली तर माझ्याशी गाठ हाय!" तिच्या हातून कुणी दगावलं नाही, याचा तिला कोण अभिमान! त्याबद्दल साधा नारळही घ्यायची नाही.

मग नागीण तिच्याच कपाळावर उठली. तिने आरशात बघून गेरू फासला. पापणी सुजून डोळा मिटला, तेव्हा मी तिला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी समजावलं, की लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसेत दडून राहतो आणि उतारवयात त्याच नसेवाटे वर येतो. म्हणून फोड सहसा एकाच अंगाला राहतात आणि पुढे आपोआप सुकतात. पण डोळ्याजवळ उठले आणि गोळ्यांना उशीर झाला, तर नजर जाऊ शकते.

मोठी आई खो खो हसली. "म्हंजे ती येढा घालतच नव्हती, अन् मी जलमभर तिला आडवत बसले!"

डोळा वाचला. दुसरी कुणी झाकली मूठ झाकलीच ठेवली असती. हिने पुढच्याच रविवारी भरल्या ओट्यावर सांगून टाकलं, "माझ्या गेरूत कायबी नाय. फोड दिसले की त्याच दिवशी डाक्टर गाठा." लोक कुजबुजले, आजींचा हात गेला. "हात जाऊ द्या, डोळा ऱ्हायला ना!" असं म्हणून ती आलेल्याला स्वतः रिक्षात बसवून द्यायची. हळूहळू ओटा रिकामा झाला. तिला ते लागायचं, मला दिसायचं. तरी गेरूला तिने पुन्हा हात लावला नाही. मला तिचा इतका अभिमान आधी कधीच वाटला नव्हता.

गेल्या वर्षी ती गेली. दहाव्याला गोदाकाठी एक अनोळखी शेतकरी कडेला उभा होता.

"आजींनी तुमची नागीण उतरवली होती का?" मी विचारलं.

"नाय ताई. पापणीवर फोड घेऊन गेलो, तर लय शिव्या घातल्या अन् हाकलून दिलं डाक्टरकडं," तो म्हणाला, आणि दोन्ही डोळे पुसत पिंडाकडे बघत राहिला.