दादा गावाला गेलाय

"वऱ्हाड दाराशी आलं. काण्याला आत घाला."

काका बोलले. माझी धाकटी बहीण चिमी, तिच्या लग्नाच्या दिवशी. ठाण्यातल्या आमच्याच घरात. लहानपणी देवी आल्या त्यात माझा डावा डोळा गेला. शुभकार्यात माझं तोंड दिसू नये, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. मी चौदा वर्षांचा. शाळेत सर्वांच्या पुढे. तरी उठलो आणि आपल्या पायांनी भाताच्या कोठीत जाऊन बसलो. आईनं बाहेरून कडी लावली.

मंगलाष्टकं संपली. भटजींनी विचारलं, "मुलीचा भाऊ कुठाय? लाह्या घालायच्यात." चुलतभाऊ पुढे झाला. मग चिमीचा आवाज आला.

"आई, दादा कुठाय?"

"गावाला गेलाय."

"आज?"

कुणी बाई हसली. "अगो, तुला भाऊ हवा की नवरा?"

एक हाक मारली असती तर चिमीला ऐकू गेली असती. मारली नाही. उपरण्याचा बोळा तोंडात धरून बसलो. मी अपशकुनी आहे, हे मलाही पटलं होतं.

वऱ्हाड मचव्यानं खाडीतून कल्याणला परतलं. पुढे माहेरपणाला आली की चिमी विचारायची, "दादा, माझ्या लग्नाहून मोठं काय काम होतं रे?" मी पुस्तकात मान घालायचो. पहिल्या बाळंतपणात ती गेली. मुलगी मागे ठेवून. चिमीला मी खरं सांगितलंच नाही. अजून कोठीपाशी आलो की ऐकू येतं. आज?

आता त्या मुलीचं, वेणूचं लग्न आहे. परवा काका म्हणाले, "मामा म्हणून तुझा चुलतभाऊ उभा राहील. तू आपला पंक्तीला ये." काकांना मोतीबिंदूनं आता काही दिसत नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून चालतात. त्यांना कुणी कोठीत बसवत नाही.

"मामा मी आहे," मी म्हणालो.

"अरे, पोरीचं काही वाईट झालं तर?"

"चिमीच्या लग्नात मी कोठीत होतो, काका. तरी ती मेलीच."

काकांनी खांद्यावरचा हात काढून घेतला.

वेणूला मी सगळं सांगितलं. कडीसुद्धा. तिनं सरळ माझ्या डाव्या डोळ्याकडे बघितलं. म्हणाली, "मामा, तूच ये."

बोहल्यापाशी भटजी विचारतील, मुलीचा मामा कुठाय? तेव्हा कुणी उठून गेलं तर जावं.

मी ओ देणार आहे.