दवाखान्याच्या बाकावर केलेले हिज्जे

मला कुराणाच्या अक्षरांची भीती वाटायची. अल्ला माफ करो, पण खरं हाय ते. माझी पहिली पोर तापाने गेली तेव्हा घरात कुराण होतं, वर फळीवर, हिरव्या कापडात गुंडाळलेलं, आणि घरात एक माणूस असं नव्हतं की ते उघडून दोन आयती पढून पोरीवर फुंकर मारील. आमचे हे मचव्यावर, मीठ घेऊन मुंबईला गेलेले. सासूला अक्षर येत नाय. मी मराठी शाळेत दुसरीपर्यंत गेले, मंग धाकटी भावंडं सांभाळायला घरी बसले. पोर मांडीवर होती आणि मी नुसती तिच्याकडे बघत होते. सगळे म्हणाले, तिची हयात तेवढीच लिहिलेली होती. असेल. पण माझ्या मनातून ते गेलं नाय, की कोणीतरी काहीतरी पढायला पाहिजे होतं.

म्हणून दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी सासूला म्हटलं, अम्मा, मी उस्तानीकडे कायदा शिकायला जाते.

"आता? पोट पुढं आणि कायदा मागं? त्या एवढ्या एवढ्या पोरी हसतील तुला."

"हसू देत."

"मंग जा. येताना खाडीवरून बोंबील घेऊन ये."

कायदा म्हणजे अरबी अक्षरांचं पहिलं पुस्तक, आणि ते शिकवणारी आमची उस्तानी म्हणजे आळीतलीच एक विधवा बाई. तिच्या पडवीत चटईवर पोरी बसायच्या, पुढे मागे डुलत, "अलिफ जबर अ, बे जबर ब" असा एकच गलका. त्यांच्यात मी एवढं पोट घेऊन बसायचे. पहिल्याच दिवशी उस्तानी म्हणाली, अलहम्द येते का? मी म्हटलं येते, कुराणाची पहिलीच सूरा ती, नमाजात पढते की. मंग तिने पुस्तक पुढे ठेवलं आणि मी सुरू केलं, अगदी आईसारखं चालीत, कुठेही न अडखळता. मला वाटलं शाबासकी मिळणार. बाजूची पोर तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. बघते तर माझी सगळी अलहम्द पढून झाली होती आणि बोट अजून पहिल्याच ओळीवर बसलेलं.

"तोंड पोचलं मुंबईला, बोट अजून पनवेलच्या बंदरात," उस्तानी म्हणाली. "हे पढणं नाय बाय, हे ऐकलेलं हाय. आमच्याकडच्या सगळ्या बाया अशाच पढतात. आता विसर सगळं आणि हिज्जे कर."

हिज्जे म्हणजे एक एक अक्षर, त्याच्यावरच्या जबर-पेशच्या खुणेसकट, सुटं सुटं फोडून म्हणायचं. अलिफ लाम जबर अल, हे मीम जबर हम, दाल पेश दु. तेव्हा कुठे एक शब्द होतो, अलहम्दु. जे मी लहानपणापासून घडाघडा म्हणत आले ते असं फोडून म्हणताना मला घाम फुटायचा. त्यात ती गळ्यातली अक्षरं. उस्तानी म्हणायची, खालून काढ, अजून खालून. पोरी म्हणायच्या, भाभी, बकरीसारखं काढा. मला काय ते यायचं नाय. आणि शेजारची एक बाई मला सांगून गेली, सांभाळून हां, अक्षर चुकलं तर दुआ उलटी पडते, पोटुशी बाईने तर असला खेळ करूच नये. त्या दिवसापासून मी प्रत्येक अक्षराला घाबरायला लागले. पोटात बाळ हललं तरी वाटायचं, आता काय चुकलं माझं? नाय हललं तरी तेच वाटायचं.

कायदा अर्धा झाला आणि मी बाळंत झाले. पुन्हा मुलगीच. आमच्यात बाळंतपणानंतर चिल्ला पाळतात, चाळीस दिवस. नमाज नाय, कुराणाला हात नाय, तोंडातून आयत काढायची नाय, उंबरा ओलांडायचा नाय. सासूने माझा कायदासुद्धा उचलून फळीवर कुराणाशेजारी ठेवला. म्हणजे ज्याच्यासाठी मी शिकले, त्या पोरीजवळ बसून पढायची वेळ आली तेव्हा माझंच तोंड बंद.

चिल्ला अजून अर्धाही झाला नव्हता आणि पोरीने दूध तोडलं. अंग चटके बसावेत असं तापलेलं. छातीशी घेतलं की तोंड फिरवायची, मंग फिरवायचीही बंद झाली, नुसती पडून. मी ओळखलं. पहिलीचं असंच झालं होतं. सासू पळत मशिदीत गेली, मौलवीसाहेबांना दम करायला, म्हणजे पढून फुंकर मारायला बोलवायला, तर ते कुठल्याशा गावी निकाह लावायला गेलेले. ती परत आली ती दारातच उभी राहिली. मी म्हटलं, अम्मा, मी हिला दवाखान्यात नेते. मला वाटलं ती ओरडणार, बाळंतीण बाहेर कशी जाईल म्हणून. तिने खुंटीवरचा बुरखा काढला आणि माझ्या अंगावर टाकला. "चल. मागच्या वेळी मीच थांबवलं होतं."

दवाखान्यात ही गर्दी. सासू कंपाउंडरच्या खिडकीशी रांगेत उभी राहिली आणि मी बाकावर पोरीला घेऊन बसले. मला रडू फुटलं. शेजारी एक म्हातारी बसलेली, आमच्यातलीच, डोळ्यावर पट्टी, खेड्यातून आलेली वाटत होती. तिला दिसत नव्हतं नीट, पण माझं रडणं ऐकलं असेल.

"काय ग पोरी, लेकरू हाय का? काय होतंय त्याला?"

मी सांगितलं.

"मंग रडत काय बसलीस? पढ काहीतरी, फुंक तिच्यावर."

"खाला, मी चिल्ल्यात हाय. मला पढायला चालत नाय. आणि येत पण नाय धड. नुसते हिज्जे येतात."

म्हातारी हसली. दवाखान्यात, पोर अशी पडलेली, आणि ती हसली. मला राग आला खरं तर.

"मंग हिज्जे कर की! आमची उस्तानी महिन्याच्या अडचणीत असली की आमाला सबक द्यायची थांबायची का? तोडून तोडून द्यायची. आयत पुरी नाय करायची. सुटी अक्षरं म्हणायला तुला कोण अडवतंय?"

"पण तुटकं तुटकं म्हणून काय होणार? आणि चुकलं तर?"

"ते तू नको बघू. तू अक्षर टाक अल्लापुढे. तुला काय म्हणायचं ते त्याला कळतं. का तुला वाटतं, तू नीट जोडून दिल्याशिवाय त्याला वाचता येणार नाय?"

मी पोरीच्या कानाशी तोंड नेलं. अलिफ लाम जबर अल. थांबले. हे मीम जबर हम. गळ्यातलं अक्षर नाय आलं तसं नाय आलं. दाल पेश दु. पुस्तक नव्हतं, बोट ठेवायला ओळ नव्हती, मी पोरीच्या पाठीवरच बोट ठेवून एक एक अक्षर म्हणत गेले. घाईत म्हणता येत नाय हिज्जे, घाई केली की सगळं सांडतं. म्हणून असेल, माझा श्वास हळूहळू जागेवर आला. मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मागायचंसुद्धा विसरले मी. हिला वाचव असं एकदाही म्हटलं नाय. नुसतं एक अक्षर, मंग पुढचं. आणि कधीतरी पोरीचं डोकं हललं, तिने तोंड उघडलं, बुरख्याच्या आत मी तिला जवळ घेतलं तर तिने ओढलं. थोडंसंच. सोडलं, पुन्हा ओढलं.

डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले तोंड आलंय हिचं, आतून सगळं पांढरं झालंय, म्हणून पीत नाही. जांभळं औषध कापसाने तोंडात लावलं, एक सुई टोचली. मंग विचारलं, "दूध अजिबात घेत नाही का?"

"आत्ता घेतलं, बाहेर बाकावर. थोडंसं."

"घेतलं? मग घाबरू नका. ओढतेय म्हणजे ताकद आहे अजून. थेंब थेंब पाजत राहा."

मी बाहेर आले तर बाकावर दुसरीच माणसं. म्हातारीला कोणीतरी हाताला धरून घेऊन गेलं, एवढंच कंपाउंडरला माहीत. तिचं गाव विचारलं नाय मी, नावही नाय. सासू म्हणते फरिश्ता असेल. मला काय माहीत? तिच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. पण मी नमाजात तिच्यासाठी रोज दुआ मागते, की तिच्या डोळ्यांची पट्टी निघून तिला दिसायला लागलेलं असू दे.

पोर आता रांगते. चिल्ला संपल्यावर मी न्हाऊन पुन्हा उस्तानीच्या पडवीत जाऊन बसले. तिला सगळं सांगितलं, तिने कायदा पुढे सरकवला आणि एवढंच म्हणाली, बरं झालं, आता पुढचा सबक. सासूसुद्धा हल्ली चूल फुंकताना "बे जबर ब" म्हणते आणि मी हसले की फुंकणी उगारते. गळ्यातली अक्षरं मला अजून येत नायत. शेजारीण अजून येऊन घाबरवून जाते. आणि मी भित्री नाय राहिले असं काय नाय, पोरीचं अंग जरा कोमट लागलं तरी माझं काळीज खाली जातं. पण आधी मी भ्याले की माझं तोंड बंद व्हायचं, मला वाटायचं अगोदर सगळं नीट यायला पाहिजे, मंगच अल्लाने ऐकावं. आता भ्याले की मी पुढचं अक्षर म्हणते. त्याच्यापुढचं तो बघतो.