गव्हावर दळलेले तांदूळ

मुलांनो,

परवा तुम्ही मला एका पाकिटाचा फोटो पाठवलात. ग्लूटेन फ्री पीठ, केकसाठी खास. वर एका हसऱ्या गोऱ्या आजीचं चित्र आणि मागे बारीक अक्षरात तांदूळ, ज्वारी आणि साबुदाण्यासारखं काहीतरी. खाली तुमचा प्रश्न, "आजी, असलं पीठ तुला माहीत आहे का?" माहीत आहे, बाळांनो. चित्रातल्या आजीने ॲप्रन बांधण्याआधीपासून माहीत आहे. धाकटीलाही आता गहू बंद झाल्याचं तुमच्या आईने कळवलं, म्हणून ते कसं करायचं ते लिहून पाठवते. कसं करायचं नाही तेही लिहिते, कारण ते मी आठ महिने फार नेटकेपणाने केलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही शिवाजी पेठेत राहत होतो, मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, आणि तुमची आई दहा वर्षांची होती. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, आणि दोन वर्षांत उंची तसूभर वाढलेली नाही. ओळखीतल्या प्रत्येकाने तिला जंत असल्याचं निदान केलं. त्या निदानाला शिक्षण लागत नाही. शेवटी राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांनी आम्हाला पुण्याला धाडलं. तिथे नळी घालून तपासणी झाली आणि कळलं की तिच्या आतड्याला गहू सोसत नाही. डॉक्टर म्हणाले, "कणभरसुद्धा नको. वाढीची वर्षं थोडीच उरलीत. आत्ता वाढली नाही तर पुढे वाढणार नाही."

माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, शिरोळच्या. त्यांना यात काळजीसारखं काही दिसलं नाही. "भाकरी खा म्हणावं की. केक न्हाय खाल्ला म्हणून कोण मेलंय?" बरोबरच होतं. पण पोरीला वाढदिवसाला केकच हवा होता, आणि मला इंग्रजी पुस्तकं वाचता येत होती, त्यामुळे घरात शहाणपणाला जागा उरली नाही.

माझ्याकडे केकची तीन इंग्रजी पुस्तकं होती. गव्हाशिवाय केक करायची पाळी कोणावर येईल अशी शंका ती लिहिणाऱ्या एकाही बाईला आलेली नव्हती. मी नुसत्या तांदळाच्या पिठाचा केक केला. आमच्या गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनमधून तो निघाला तेव्हा तुमच्या आजोबांनी बोटाने वाजवून पाहिला. "पाटा झ्याक झालाय," ते म्हणाले, "वरवंटा कुठं हाय?" दुसरा ज्वारीचा, तो साखर घातलेल्या भाकरीसारखा लागला. तिसऱ्यात साबुदाणा फार झाला. तो भांड्यातून निघालाच नाही, भांडंच टाकावं लागलं.

जमलेलं प्रमाण असं: तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळलेले, दोन वाट्या. ज्वारीचं पीठ एक वाटी. साबुदाणा मिक्सरमध्ये अगदी बारीक करून अर्धी वाटी. हे तीनदा चाळायचं. गव्हात जो चिकटपणा असतो तो यात नसतो, म्हणून दोन चमचे इसबगोल. इसबगोल घरात आजोबांसाठी असायचाच. त्याचा खप एकाएकी इतका का वाढला, याची चौकशी औषधाच्या दुकानदाराने भर रस्त्यात, मोठ्या आवाजात आणि मनापासून काळजी वाटून आजोबांपाशी केली.

केक फुगला. पोरगी फुगेना, म्हणजे पोट सोडून. घरात तिचा गहू मी बंद केला होता, मैदा-रवा हद्दपार केला होता, हिंगसुद्धा बदलला होता, कारण त्यात कणीक असते. या पिठाचे केक, धिरडी, बिस्किटं ती रोज खायची. तरी आठ महिन्यांनी वजन तेच. डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाहेर काहीतरी खाते. मुलं सांगत नाहीत."

मग मी चौकशी बसवली.

"शाळेत कोणाच्या डब्यातलं खातेस?"

"कोणाच्या नाही."

"पाव?"

"नाही."

"बिस्कीट? खरं सांग."

"आई, शाळेत पण तू मुलींना असंच विचारतेस का? म्हणून त्या तुला घाबरतात."

मी रोज तिचं दप्तर उपसायला लागले. एक चिंच आणि खडूचा तुकडा, यापलीकडे पुरावा मिळाला नाही. पुरावा नाही म्हणजे चोर हुशार, असा माझा निष्कर्ष. तिने माझ्याशी बोलणं कमी केलं. त्याचंही खापर मी गव्हावरच फोडलं.

दळण गिरणीत न्यायचं काम आजोबांचं. मी फक्त डब्यावर चिठ्ठी चिकटवायचे. एका रविवारी त्यांची स्कूटर बिघडली, म्हणून डबा घेऊन मी गेले. गिरणीवाले मामा भुवयांपर्यंत पांढरे होऊन उभे होते.

"या बाई! आज सोता आलासा? जरा दम धरा. ह्यो गव्हाचा डबा हुं दे, मग तुमचं तांदूळ घालतो."

"गहू कशाला आधी?"

"कशाला म्हंजे? तुमचीच चिठ्ठी हाय की!" त्यांनी खिळ्याला अडकवलेल्या माझ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. "लई झ्याक अक्षर. आमच्या पोरीला दाखवाय ठेवल्यात."

तांदूळ. बारीक. गव्हावर दळणे. शेवटच्या दोन शब्दांखाली लाल शाईची दुहेरी रेघ.

तुम्हाला हे सांगावं लागेल. दगडात आधीच्या गिऱ्हाइकाचं थोडं पीठ राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून कशावर काय दळायचं हे प्रत्येक घर गिरणीला सांगतं. ज्वारी-नाचणीवर तांदूळ दळले तर पीठ काळपट येतं, गव्हावर पांढरंशुभ्र. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला हे शिकवलं होतं. मी ते फक्त सुवाच्य अक्षरात आणलं.

"म्हणजे आधीचा गहू यात येतो?" मी विचारलं.

"मूठभर येणारच की. पण गव्हाचंच हाय, बाई. वंगाळ काय न्हाय."

तांदूळ तसेच घेऊन मी घरी आले आणि जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. चूक माझी, चोरी कोणीच केली नव्हती. सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाल्या, "नेम माझा हुता. लिवलास तू." एवढ्या उदारपणे त्यांनी माझ्याशी कधी काही वाटून घेतलं नव्हतं.

तुमची आई म्हणाली, "मग आता तुझी पर्स मी तपासणार."

आणि तपासली. स्वयंपाकघराच्या फरशीवर उलटी करून, एकेक वस्तू हातात घेऊन, मी करायचे तशीच. मी उभी राहिले. लाल पेन सापडलं, ते तिने जप्त केलं.

त्या महिन्यात आम्ही घरीच दळायला घरघंटी आणली, कपाटाएवढी, आवाज ट्रॅक्टरचा. ती सुरू झाली की सासूबाई गच्चीवर जायच्या. गिरणीवाले मामा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "गिऱ्हाईक गेलं त्याचं काय न्हाय बाई, अक्षर गेलं." जूनमध्ये शिवलेला शाळेचा स्कर्ट दिवाळीपर्यंत गुडघ्याच्या वर गेला. शिंप्याने मागच्या खेपेला कापड कमी आणल्याचं मलाच सुनावलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी बोलणं आनंदाने ऐकून घेतलं. तुमची आई शेवटी माझ्याहून चार बोटं उंच झाली, आणि अजून मला ते दाखवते.

घरघंटी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहे. झाकण बदललेलं आहे, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे. ती चालते, आणि तिच्यात आजवर गव्हाचा दाणा पडलेला नाही.